ट्रेस कोणी सुरू केला?

या सदरातले अनुभव मी नेहमी वाचते. पण खरं सांगू का, वाचताना डोक्यात एकच चालू असतं... या माणसाचं काय बघायचं राहिलं असेल? सवयच आहे ती. आमच्या घरात भूतखेत, नवस, अंगात येणं यातलं काहीच नव्हतं. बौद्ध कुटुंब, त्यात वडील शिक्षक. सुरगाण्याकडच्या एका पाड्यावर त्यांची शाळा होती, तेव्हा आम्ही तिथेच राहायचो. पाड्यावरची माणसं दिवस कलला की ओढ्याकडे जायची नाहीत, आणि पप्पा आम्हा भावंडांना मुद्दाम तिकडेच फिरायला न्यायचे. "काय दिसलं? काही नाही ना? चला मग घरी." विषय संपला.

अशा घरात वाढलेली मी हे लिहितेय म्हणजे बघा.

माझं ऑफिस नाशिकमध्येच, इंदिरानगरच्या बोगद्यापासून जवळ, हायवेच्या सर्व्हिस रोडला. खाली टाइल्सचं शोरूम, वरच्या मजल्यावर आम्ही. मी डेटाबेस सांभाळते, तोही मेनफ्रेमवरचा — म्हणजे बँका आणि विमा कंपन्या अजूनही वापरतात त्या अवाढव्य कम्प्युटरवरचा. आमचा क्लायंट युरोपातली एक आरोग्य विमा कंपनी. मशीन तिकडे, आम्ही इकडे. आमची जेवणं आटोपली की त्यांची सकाळ सुरू होते.

नाशिकच्या टीममध्ये आम्ही दोघंच. मी आणि हेमंत. हेमंत सायखेड्याचा, घरी शेती, रोज मोटरसायकलने ये-जा. माझ्यापेक्षा लहान, मला ताई म्हणतो. कित्येक वर्षं शेजारी-शेजारी बसलो आम्ही. माझ्या डब्यातली भाजी त्याला न विचारता कळायची आणि त्याच्या घरची भांडणं मला.

मेनफ्रेमवर प्रोसेसर जितका वापराल तितकं बिल येतं. क्लायंटचं बिल फुगत चाललं होतं, म्हणून पुण्याच्या आमच्या मॅनेजर मेघना मॅडमनी आम्हाला काम दिलं, की डेटाबेसचा फालतू भार शोधा आणि कमी करा. आवडीचं काम! आम्ही एकेक करत बऱ्याच गोष्टी सुधारल्या. पण रोज दुपारी, आम्ही जेवून जागेवर बसलो की, प्रोसेसरचा आलेख एकदम वर चढायचा.

कारण लगेच सापडलं. कुणीतरी ट्रेस सुरू करत होतं. ट्रेस म्हणजे डेटाबेसला सांगायचं, तू जे जे करतोस त्याची बारीकसारीक नोंद ठेव. बिघाड शोधायला उपयोगी, पण मशीनचा अर्धा जीव त्या नोंदी करण्यातच जातो. म्हणून काम झालं की तो बंद करायचा असतो. आम्ही बंद केला. दुसऱ्या दिवशी दुपारी तो परत चालू.

कमांड कोणी दिली ते लॉगमध्ये दिसतं. मी बघितलं, तर हेमंतचा आयडी.

"काय रे, ट्रेस कशाला लावलास?"

"मी? मी नाय लावला." तो माझ्या स्क्रीनवर वाकला. "ताई, जेवायला गेलो तेव्हा मशीन उघडंच राह्यलं असंल माझं. कोणी गंमत केली का?"

'कोणी' म्हणजे कोण? त्या खोलीत आम्ही दोघंच बसायचो. मी हसून सोडून दिलं. त्याच्या पुढच्या दिवशी ट्रेस पुन्हा लागला... आणि या वेळी आयडी माझा होता.

आता हसायची पाळी त्याची होती, पण तो हसला नाही.

आम्ही पासवर्ड बदलले. जागेवरून उठताना स्क्रीन लॉक करायला लागलो. हे आधी कधी केलं नव्हतं. तरी ट्रेस लागतच राहिला. कधी त्याच्या नावाने, कधी माझ्या. मी आमच्या दोघांच्या आयडीखाली काही आपोआप चालतंय का तेही तपासलं, काही नव्हतं. मी हेमंतच्या कीबोर्डकडे लक्ष ठेवायला लागले आणि मला जाणवलं, की तोही माझ्या हातांकडे बघतोय.

मग एक दिवस कॉलवर तिकडच्या माणसाने विचारलं, "त्या कमेंटचा अर्थ काय?"

ट्रेस सुरू करताना शेजारी एखादी छोटी टिप्पणी लिहायची सोय असते. आम्ही तिकडे लक्षच दिलं नव्हतं. मी उघडून बघितलं. रोमन अक्षरांत लिहिलं होतं — बघा.

त्या मशीनवर लॉगिन असलेली मराठी माणसं जगात दोनच होती. आणि ती दोन्ही त्या खोलीत बसली होती.

कॉल संपल्यावर मी खुर्ची फिरवली. "हेमंत, बस झालं आता."

"तूच बस कर ना ताई! मी कशाला असं लिहू? आणि मी लिहिलं असतं तर 'बघ' लिहिलं असतं. तुला मी कधी अहो-जाहो करतो का?"

मुद्दा बरोबर होता. पण मीही त्याला 'बघ'च म्हणते. मग 'बघा' कोण कोणाला म्हणत होतं?

पुढच्या टिप्पण्या वाढत गेल्या. 'बघा ना.' मग 'आता तरी बघा.' क्लायंटच्या सिक्युरिटीवाल्यांनी चौकशी लावली. बाहेरून कोणी घुसल्याची काही खूण नव्हती. त्यांच्या मते कमांड नाशिकहूनच, आमच्याच लॅपटॉपवरून जात होत्या. आमच्या दोघांच्या नोकरीवर आलं. हेमंतच्या बायकोला तेव्हा दिवस गेलेले. माझ्या नवऱ्याने घरी शांतपणे विचारलं, "वैशाली, तुझ्याकडून चुकून तर काही होत नाहीये ना?" मला त्याचाही राग आला. त्याने 'चुकून' हा शब्द उगाच घातला होता असं वाटलं.

शेवटी मेघना मॅडम स्वतः पुण्याहून आल्या. दुपारी त्यांनी आम्हाला मीटिंग रूममध्ये समोरासमोर बसवलं. दोघांचे लॅपटॉप उघडे, दोघांचं लॉगिन चालू. भिंतीवरच्या टीव्हीवर कमांडचा लॉग. मॅडम टेबलाच्या टोकाला.

"हात टेबलावर. कोणी कशालाही हात लावायचा नाही," त्या म्हणाल्या. शाळेत बाई म्हणतात तसंच.

खिडकीतून लख्ख ऊन येत होतं. खाली शोरूमवाले टेम्पोतून टाइल्सचे खोके उतरवत होते, त्यांची आरडाओरड चालली होती.

टीव्हीवर एक ओळ आली.

माझा आयडी. आणि कमांड चुकलेली! ट्रेस या शब्दाच्या स्पेलिंगमध्ये मधली दोन अक्षरं उलटी पडली होती. सिस्टीमने ती नाकारली. एक श्वास घ्यावा इतक्या वेळाने तीच कमांड पुन्हा आली, आता बरोबर. आलेख वर चढायला लागला.

मॅडमनी आधी आमच्या हातांकडे बघितलं, मग टीव्हीकडे, मग परत हातांकडे. माझे हात पालथे, टेबलाला चिकटलेले. हे मी शपथेवर सांगते.

पण माझं लक्ष वेगळ्याच गोष्टीवर गेलं. ती चूक माझी होती. तो शब्द मी घाईत कायम असाच उलटा टाइप करते. मग चरफडते आणि परत टाइप करते. वर्षानुवर्षांची खोड. मी मान वर केली तर हेमंत माझ्याकडेच बघत होता. त्याला ती खोड माहीत होती. त्याच्याशिवाय कोणालाच माहीत नव्हती.

मॅडम कोणाला तरी फोन करायला बाहेर गेल्या. आम्ही जिन्यात आलो.

"स्क्रिप्ट टाकून ठेवलंस ना तू?" हेमंत दबक्या आवाजात म्हणाला. "आपोआप चालणारं. चुकीसकट."

"चुकीसकट स्क्रिप्ट कोण लिहील रे?"

"जिच्यावर संशय यायला नको ती."

"आणि माझी चूक माहिती कोणाला आहे? तूच बसतोस शेजारी. माझ्या नावावर ढकलायचं तर तुझ्याइतकं सोपं कोणालाच नाही."

तो दोन पायऱ्या खाली उतरला, परत वळला. चेहरा लालबुंद झाला होता. "माझ्या घरी काय चाललंय तुला माहितीये, आणि तू मला हे म्हणतेस? लय झालं. एवढं बघा-बघा चाललंय ना, तर बघ जाऊन एकदा काय ते!"

खालून मोटरसायकल सुरू झाल्याचा आवाज आला. तो निघूनच गेला.

मी जिन्यातच उभी राहिले थोडा वेळ. आणि मग लक्षात आलं की तो चिडून जे बोलला ते आम्ही कोणीच केलं नव्हतं. कोणी लावला, कुठून लावला, यातच आम्ही गुंतलो होतो. ट्रेसमध्ये काय नोंदलं जातंय हे उघडून बघितलंच नव्हतं. रोज बंद करायचो आणि नोंदी टाकून द्यायचो.

मीटिंग रूममध्ये परत जाऊन मी त्या दुपारच्या नोंदी उघडल्या.

ट्रेस पूर्ण सिस्टीमवर नव्हताच. एकाच प्रोग्रामवर होता. अगदी छोटा प्रोग्राम, क्षणात चालून संपणारा, म्हणून भार घेणाऱ्यांच्या यादीत तो आम्हाला कधी वर दिसला नव्हता. आणि एवढ्याशा प्रोग्रामच्या नोंदींनी मशीन दमत होतं, कारण तो थांबतच नव्हता. संपला की परत सुरू. परत तेच विचारायचं, परत तेच उत्तर.

तो शस्त्रक्रियेच्या मंजुरीचे अर्ज बघायचा. दवाखान्याकडून अर्ज आला की तपासून पुढे पाठवायचा. त्यातले काही अर्ज आधीच्या टप्प्यावर अडकले होते. कधीतरी तिथलं काम मध्येच तुटलं असावं, पण अर्जांवरची 'काम चालू आहे' ही खूण तशीच राहिली होती. त्यामुळे प्रोग्राम विचारायचा, "झालं का?" उत्तर यायचं, "चालू आहे." तो परत विचारायचा. पडद्यावर त्या रुग्णांचे अर्ज 'विचाराधीन' दिसत होते. कोणाचीच तक्रार नाही, कारण बघणाऱ्याला सगळं सुरळीतच वाटत होतं.

मी मॅडमना हाक मारली. त्यांनी उभ्यानेच वाचलं आणि खुर्ची ओढून माझ्याजवळ बसल्या. क्लायंटला कळवलं, तिकडच्या लोकांनी खुणा काढल्या, अर्ज पुढे सरकले. प्रोग्राममध्ये दुरुस्ती झाली. प्रोसेसरचा भार इतका उतरला की आमच्या आधीच्या सगळ्या सुधारणा मिळूनही तेवढा उतरला नव्हता.

ट्रेस त्यानंतर पुन्हा लागला नाही. एकदाही नाही.

आभाराच्या कॉलवर मी न राहवून विचारलं, त्या अर्जांचं काय झालं? तिकडचा माणूस म्हणाला, बहुतेकांचं मार्गी लागलं. मग जरा थांबून म्हणाला, काहींना आता मंजुरीची गरज राहिलेली नाही. मी पुढे विचारलं नाही. हेमंत शेजारी बसला होता, त्याने हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि खिडकीपाशी जाऊन उभा राहिला.

चौकशी 'कारण निश्चित नाही' म्हणून बंद झाली. मेघना मॅडमचं स्वतःचं एक मत आहे. त्या मला एकदा म्हणाल्या, "तुमच्यापैकी कोणाच्या तरी हे आधीच लक्षात आलं होतं. दुसऱ्या टीमच्या प्रोग्राममध्ये परवानगीशिवाय नाक खुपसलं म्हणून सरळ सांगायची भीती वाटली असेल. कोण ते मला सांगू नकोस." समजूतदार बाई. पण टेबलावर ठेवलेल्या हातांचं काय, असं मी विचारलं तेव्हा त्यांनी पर्स उचलली आणि कॅब आली का ते बघायला गेल्या.

मला तो प्रोग्राम माहीत नव्हता. मला माहीत नव्हतं हे मला माहीत आहे. म्हणजे मग हेमंतच. पण हेमंतही हेच म्हणतो, आणि त्याच्या हिशोबाने मग मीच.

काही दिवसांनी त्याने दुसरा प्रोजेक्ट मागून घेतला, घरूनच काम करायला लागला. मुलीच्या बारशाला मात्र आवर्जून बोलावलं. आम्ही दोघं नवरा-बायको सायखेड्याला गेलो. अंगणात मांडव, बायकांची गडबड, नाव ठेवून झालेलं. हेमंतने मला स्वतः चहा आणून दिला आणि शेजारची खुर्ची ओढून बसला.

"ताई, आता काय नोकरीचं भ्या नाय, काय नाय," तो हळूच म्हणाला. "खरं सांग. तूच ना?"

"मी तुला हेच विचारायचं ठरवून आले होते," मी म्हटलं.

तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला, मी त्याच्या. एवढ्या वर्षांत त्याचं खोटं मला कळलं नाही असं कधी झालं नव्हतं. त्या दिवशी मला त्याच्या चेहऱ्यावर खोटं दिसलं नाही. त्याला माझ्या चेहऱ्यावर काय दिसलं, कोण जाणे.

कोणीतरी त्याला जेवणाच्या पंगतीकडे बोलावलं. "आलोच," म्हणून तो उठला. आम्ही निघेपर्यंत परत आमच्याकडे आला नाही. गाडीपर्यंत सोडायला त्याची आई आली.