गुरुवारची कुत्री

आमच्या भोसरीत रविवार गुरुवारी येतो. एमआयडीसीच्या कंपन्यांना सुट्टी गुरुवारी, म्हणून वडिलांना सुट्टी गुरुवारी. पाहुणे, मुलगी बघायचे कार्यक्रम, माळ्याची साफसफाई, सगळं त्याच दिवशी. फक्त मटण नाही, कारण वार गुरुवार. "सुट्टी दिली, ती बी अळणी," असं वडील रिटायर होईपर्यंत कुरकुरत राहिले. मी कॉलेजात शिकवायला लागले आणि माझी सुट्टी रविवारवर गेली, पण कुणी "कधी येऊ?" विचारलं की माझ्या तोंडून आजही "गुरुवारी या" असंच निघतं. या सवयीनं एकदा माझ्या तोंडचं पाणी पळवलं.

मी मानसशास्त्र शिकवते. त्यातला माझा लाडका पेपर म्हणजे तुलनात्मक मानसशास्त्र. माणसाचं मन आणि जनावराचं मन शेजारी ठेवून बघायचं, सारखं काय आणि वेगळं काय. लोक विचारतात, "म्हणजे पत्रिका जुळवतात तसं का?" जाऊ दे! पण या विषयाचे दिवस फिरलेत हे खरं. पूर्वी प्रयोगशाळांत उंदीर असायचे, कबुतरं असायची. आता जनावरांवर प्रयोग करायला परवानग्या लागतात, आणि लागायलाच हव्यात. हुशार पोरं मेंदूच्या स्कॅनकडे पळतात, नाहीतर एचआरकडे. आमच्या लॅबमध्ये उंदरांसाठी केलेला लाकडी भुलभुलैया आहे, त्यात शिपाई झाडू ठेवतात.

प्राचार्यांनी एक दिवस बोलावलं. "मॅडम, या पेपरला भविष्य काय? विद्यापीठाचे तज्ज्ञ येऊन बघतील. ते नको म्हणाले तर पुढच्या वर्षी बंद." असा संताप आला म्हणून सांगू! एवढी वर्षं जीव लावून शिकवलेला विषय, आणि हे दुकानाचं शटर ओढल्यासारखं बोलतात.

वर्गात जाऊन म्हटलं, "उंदीर नाहीत तर नाहीत. समोरच्या कंपनीच्या गेटवर कुत्री आहेत ना?" पोरं कामाला लागली. दुपारी पहिली शिफ्ट सुटली की कामगार डब्यातल्या उरलेल्या चपात्या गेटपाशी टाकतात. गंमत अशी, की कुत्री भोंगा व्हायच्या आधीच येऊन बसतात. वेळ झाली की भर उन्हात कुठूनकुठून निघतात आणि गेटसमोर शिस्तीत ओळ धरतात. आमची हजेरी इतकी चांगली नसते! वॉचमन मराठवाड्यातले. ते छातीठोकपणे म्हणायचे, "मॅडम, ती भैरोबाची कुत्री हायती. देवच उठवतो त्यांना." पोरांनी तेही लिहून घेतलं.

तज्ज्ञांचा फोन आला. "कधी येऊ?"

"गुरुवारी या, सर!"

वर्गातही कुणाला काही वावगं वाटलं नाही. सगळी कंपनीवाल्यांची पोरं, पाहुणा गुरुवारीच यायचा. कुत्र्यांकडे बघायला आम्ही गुरुवार सोडून जात होतो, कारण गुरुवारी सगळ्यांचे वडील घरी.

सर आले. निवृत्तीला टेकलेले, उभं आयुष्य कबुतरांवर काढलेले, चेहऱ्यावर हसू औषधालाही नाही. दुपारी शिफ्ट सुटायच्या वेळेला मी त्यांना ऐटीत गेटपाशी नेलं. गेटला कुलूप. चहाची टपरी बंद. रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि कुत्रं तर एकही नाही.

"मॅडम, कुत्री कुठे आहेत?"

अगं आई गं! धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. तेवढ्यात वर्गातली एक मुलगी, जी एरवी हजेरीलाही दबक्या आवाजात "प्रेझेंट" म्हणते, ती म्हणाली, "सर, पण आज सुट्टी आहे हे कुत्र्यांना कुणी सांगितलं?"

सरांनी हातातली बॅग टपरीच्या बाकड्यावर ठेवली. "बरोबर," ते म्हणाले. "ती दिवस मोजतात, की काही ऐकतात?"

झालं! पोरं तुटून पडली. कुणी म्हणे मशीनची घरघर सकाळपासून नाही, त्यावरून कळतं. कुणी म्हणे कामगारांच्या बसचा आवाज. वॉचमन आतून ओरडले, "भैरोबा!" सर खाली उकिडवे बसून मातीत काठीनं काहीतरी आखत होते. मशीन बंद पण माणसं हजर, असा दिवस पाहिजे, त्याशिवाय कळणार नाही, असं ते म्हणाले.

"खंडेनवमी!" मी किंचाळलेच. त्या दिवशी मशीन पुजतात, चालवत नाहीत, पण कामगार झाडून सगळे येतात.

"मग रिपोर्ट त्यानंतरच लिहितो," सर म्हणाले.

खंडेनवमीपर्यंत माझी झोप उडाली होती. त्या दुपारी सर बोलावण्याआधीच आले. आतून झेंडूचा आणि उदबत्तीचा वास येत होता, मशीनचा आवाज नव्हता. आम्ही श्वास रोखून कुत्र्यांची वाट बघायला लागलो. आणि बघतो तर काय, ती सकाळपासून आतच! वॉचमननी सगळ्यांना कपाळाला कुंकू लावून, गळ्यात झेंडूच्या माळा घालून पेढे चारले होते. कुत्री तृप्त होऊन पूजेच्या मंडपात आडवी झाली होती. आमच्या प्रयोगाचा पार बट्ट्याबोळ. मी रडायच्या बेतात होते, आणि सर हसायला लागले. चष्मा काढून डोळे पुसत हसत होते.

"वॉचमनसाहेब, तुम्ही आमच्या प्रयोगाचा निकालच लावलात!"

"सणाला कुनाला उपाशी ठेवायचं का, साहेब?" ते म्हणाले आणि सरांच्या हातावर पेढा ठेवला.

पेढा खात सर म्हणाले, "मॅडम, मी आयुष्यभर कबुतरं पिंजऱ्यात ठेवली. पिंजऱ्यात सगळं सोपं असतं. इथं तुमच्या गेटवर माणसं आणि कुत्री एकमेकांना शिकवतात, आणि कुणाला काय कळतं ते आपल्याला अजून कळलेलं नाही. न सुटलेल्या प्रश्नाचा पेपर बंद कसा करायचा?"

मी तिथंच, वॉचमन आणि पोरांसमोर, ढसाढसा रडले. आनंदानं माणूस किती वेंधळा दिसतो ते त्या दिवशी कळलं. सरांचा रिपोर्ट आल्यावर प्राचार्यांनी भुलभुलैयातले झाडू हलवले.

सर आता निवृत्त झालेत, पण अजून येतात. निवृत्तीनंतर पहिल्यांदा फोन आला तेव्हा मी जीभ आवरून म्हटलं, "सर, गुरुवार सोडून कधीही या. गुरुवारी कुत्री नसतात."

"म्हणून तर गुरुवारी येतोय," ते म्हणाले. "ती नसताना कुठे असतात, ते बघायचंय."