गेनूचं उष्टावण

पालीची ठकुबाई सुईण होती. राजगडाच्या पायथ्याच्या त्या वाड्यांत पोर जन्माला यायचं ते तिच्याच हातावर. बाळंतपण पार पडलं की तिला खण-नारळ मिळायचा, मान मिळायचा. पण बारसं झालं की तिचं कुणी ऐकायचं नाही, आणि तिचा सगळा त्रागा तिथंच होता.

सहा महिन्यांपर्यंत पोरं गुबगुबीत असत. मग वाळायला लागत. मांड्या सैल पडत, पोट तेवढं पुढं येई, मूल रडायचंही सोडून देई. घरचे म्हणत, नजर लागली. ठकुबाई म्हणे, "भूक लागलीया." तिची स्वतःची दोन लेकरं अशीच गेली होती. तिसरं तिनं भोंगवलीला माहेरी नेलं, तेव्हा आईनं त्याला नाचणीचं सत्त्व चारून उभं केलं. तेव्हापासून ती घरोघर तेच सांगत फिरायची. सहा महिने झाले की नुसतं अंगावरचं दूध पुरत नाही, जोडीला काही चारा. नाचणी भिजवा, फडक्यात बांधून मोड आणा, वाळवून दळा, भाजलेल्या हुलग्याचं पीठ घाला आणि बोटावर ठरेल इतकं दाट शिजवा. बायका मान डोलवायच्या आणि घरी जाऊन पोराला पुन्हा नुसतं पदराखाली घ्यायच्या.

भाटघरच्या धरणाचं काम चालू होतं, त्या दिवसांतली गोष्ट. सगुणाचा गेनू नऊ महिन्यांचा झाला तरी बसत नव्हता. ठकुबाई सत्त्वाचं पुडकं घेऊन गेली, तर सगुणाची सासू चंद्राबाई उंबऱ्यातच उभी राहिली.

"उष्टावण झाल्याबिगर त्याच्या तोंडात अन्नाचा कण जायचा न्हाई."

"मग करा की उष्टावण!"

"त्याला मामा नको व्हय? दोन सांगावे धाडले धरणावर. येतो म्हनतो आन् येत न्हाई."

"तर तुमी चारा. पोर वाळलंय, चंद्राबाई."

"थोरल्या नातवाला मामा यायच्या आदी मीच चारलं हुतं. आठ दिवसांत गेला. आता न्हाई चारायची."

थोरला हगवणीनं गेला होता हे ठकुबाईला ठाऊक होतं. पण चंद्राबाईच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि त्या पाण्याशी भांडायचं कसं? आत सगुणा पोराला घेऊन खाली मान घालून बसली होती. ठकुबाई पुडकं तसंच घेऊन परतली. वाटभर स्वतःशीच बडबडत होती.

दुसऱ्या दिवशी तिनं भाकरी बांधली आणि खिंड चढून भाटघरची वाट धरली. दिवस कलताना ती पोचली. सगुणाचा भाऊ ज्ञानू दगड फोडत होता. तिला बघून तो चपापला.

"मावशी, रजाच मिळत न्हाई बगा. मुकादम सोडत न्हाई."

मुकादम जवळच उभा होता. तो म्हणाला, "मी कधी अडवलं रं तुला? जा की दोन दिवस."

ज्ञानूनं हातोडा खाली ठेवला. मग हळूच म्हणाला, "मोकळ्या हातानं कसा येऊ? भाच्याला अंगडं-टोपडं न्हाई, काय न्हाई. सोयरे हसत्याल."

ठकुबाई खडीच्या ढिगावर मटकन बसली. पाय दुखत होते, पण संताप त्याहून जास्त होता.

"येवढ्यापायी तीन महिनं पोर उपाशी? आरं, टोपडं घालाय त्याचं डोकंच तेवढं मोठं राहिलंय. बाकी समदं वाळलं!"

सकाळी ज्ञानू तिच्याबरोबर निघाला. घरी येताच ठकुबाईनं पेटीतला एक खण काढला, कात्रीनं कापला आणि बसल्या बैठकीला टोपडं शिवलं. मामा टोपडं घेऊन भाच्याच्या दारात गेला, त्याच्या बोटानं गेनूनं पहिला घास चाटला, आणि बायका म्हणाल्या, टोपडं मोठं झोकात आहे. उष्टावण असं झालं.

सत्त्वाचं पीठ सगुणाकडं दिलं, आता पुढं सगळं सुरळीत होईल असं ठकुबाईला वाटलं होतं. पंधरा दिवसांनी बघते तर गेनू होता तसाच. तिनं चुलीवरच्या मडक्यात पळी घातली. पळीतून पांढरट पाणी गळालं.

"सगुणे, पीठ कुठं गेलं?"

सगुणा रडायला लागली. "कणगी रिकामी झालीया, मावशी. सासूबाईंनी ते भाकरीत घातलं. औतावर जाणाऱ्यास्नी काय घालू?"

ठकुबाईनं मोठ्यानं शिव्या दिल्या. कुणाला, ते तिचं तिलाही कळलं नसेल. सगुणाच्या गळ्याची हाडं वर आली होती, चंद्राबाईचीही. त्या घरात कोण कुणाचं खात होतं म्हणायचं?

मग तिनं पीठ देणं बंद केलं. आपल्याच चुलीवर सत्त्व शिजवायचं, गुळाचा खडा घालायचा, असेल तर थोडं लोणीही, आणि वाटी घेऊन दोन वेळा त्यांच्या दारात जायचं. गेनूला मांडीवर घेऊन वाटी रिकामी होईस्तोवर ती उठत नसे. पावसात पोत्याची खोळ पांघरून जाई. बाळंतपणाचं बोलावणं आलं की आपल्या सुनेला वाटी देऊन गेनूकडं पाठवी. भादव्यात गेनू बसायला लागला. दिवाळीला भिंत धरून उभा राहिला.

चंद्राबाईनं गावभर गूळ वाटला. भगतानं दिलेल्या दोऱ्याला गुण आला, असं तिनं दारोदार सांगितलं. ठकुबाईच्या दारातही सांगितलं. ठकुबाईनं गूळ घेतला आणि आत गेली. संध्याकाळी तोच गूळ तिनं गेनूच्या सत्त्वात घातला.

दोन वर्षांनी सगुणाला मुलगी झाली. मुलीच्या उष्टावणाची घरात कुणाला घाई नव्हती. एका दुपारी सासू रानात गेलेली बघून सगुणा पोरीला घेऊन ठकुबाईच्या ओट्यावर आली.

"मावशी, हिला तुमीच चारा. घरी सांगू नका."

ठकुबाईनं पोरीची मांडी चिमटीत धरून पाहिली.

"कितवा लागला?"

"नववा."

"दोन महिनं काय करत हुतीस गं?" ठकुबाई ओरडली, आणि चूल पेटवायला आत गेली.