मी घेतलेली प्रभूची परीक्षा

माझ्या फजित्या ऐकायला बसलात तर चहाचं आधण दोनदा ठेवावं लागेल. पण ही फजिती चर्चमध्ये झाली, तीही माइकवर!

राजापूरला माझी थोरली बहीण असते. तिच्या मुलाच्या लग्नात मी बोलून गेले, "गायनमंडळ काय बेसूर गायलं गो!" आणि गायनमंडळात सगळ्यात पुढे उभी कोण? ताईच! झालं, आठ महिने अबोला. आईच्या माघारी माहेर म्हणून मला ती एकच, तरी माझा हेका सुटेना.

पण रोज सकाळी प्रार्थनेला गुडघे टेकले की मनात हळूच यायचं, 'ताईला फोन कर.' आमचे पाळकसाहेब नेहमी सांगतात, प्रभू आरडाओरडा करत नाही, मनात हळू बोलतो. ते मला तोंडपाठ होतं हो! पण प्रभूला नेमकं माझ्या गैरसोयीचंच कसं सुचेल?

मी पडले शाळामास्तरीण. परीक्षेशिवाय कोणाला पास करत नाही. म्हटलं, "प्रभू, हा आवाज तुझाच असेल तर उद्या हातखंब्याची एसटी वेळेवर येऊ दे."

आली की वेळेवर! मी थांब्यावर पोचायच्या आत सुटलीसुद्धा! शाळेत मुख्याध्यापकांची बोलणी खाल्ली आणि ठरवलं, योगायोग. ड्रायव्हर नवीन असणार.

मग दुसरी खूण मागितली. दारावर येणाऱ्या मासेवालीने आपणहून एक बांगडा जास्त द्यावा. सात वर्षांत तिने बांगड्याचं शेपूटही जास्त दिलेलं नाही. त्या दिवशी टोपली उतरवली नि म्हणाली, "घे गो बाय, हे दोन वरती."

पण मी कसली ऐकते? विचारलं, "शिळे आहेत काय?"

तिने दोन्ही परत टोपलीत टाकले.

शेवटी म्हटलं, आता पक्की खूण. ताईनेच मला फोन करावा.

आठवडा गेला, फोन नाही. खरं सांगते, दिवसातून दहादा फोन उचलून बघितला. पण जिंकल्यासारखंही वाटलं. बघा, प्रभूचा आवाज नव्हताच तो!

रविवारी उपासनेत साक्षीची वेळ आली. म्हणजे आठवड्यात ज्याला प्रभूचा अनुभव आला, त्याने उठून चारचौघांत सांगायचं. मी तरातरा पुढे गेले नि माइक धरला. "बंधुभगिनींनो, सैतान रोज सकाळी माझ्या कानाशी लागायचा, राजापूरला बहिणीला फोन कर म्हणून! पण मी पारख केली आणि ठाम राहिले. हालेलूया!"

कोणी 'हालेलूया' म्हणेना. सगळ्यांच्या माना मागे वळलेल्या. शेवटच्या बाकावर, सकाळच्या पहिल्या एसटीने आलेली, मांडीवर फणसपोळीची पिशवी घेऊन ताई बसली होती!

धरणीमाय पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. पाळकसाहेब खोकले आणि घाईघाईने म्हणाले, "आणखी कोणाची साक्ष?"

ताई उठली. सावकाश पुढे आली. डोळे भरलेले, पण ओठांच्या कोपऱ्यात हसू. एक हात माझ्या खांद्यावर ठेवला, दुसऱ्याने माइक काढून घेतला.

"माझी साक्ष लहानशीच आहे," ती म्हणाली. "काल प्रार्थनेत मी प्रभूला विचारलं, मी थोरली, मी काय म्हणून जाऊ? धाकटीला पाठव की! तर मनात आलं, 'तिला सांगून सांगून दमलो गो, आता तूच जा.'"