किती शहाणी रत्ना

मंडळी, आपल्या या ई-मेल गटात मी एरवी नुसती वाचते. आज लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या लक्ष्मम्माची मुलगी रत्ना पाच वर्षांची झाली. सकाळी मी दोघींना घेऊन इथे बंगळुरात मल्लेश्वरममधल्या एका शाळेत प्रवेशासाठी गेले. बाईंनी कन्नडमधून मायेने विचारलं, "या चित्रात काय चाललंय, सांग बघू." रत्ना "गाय" एवढंच पुटपुटली. पुढे काही जोडता येईना.

"लाजतेय," मी म्हटलं.

"नाही मॅडम, तिच्याकडे शब्दच थोडे आहेत. मेंदूची वाढ याच वयात होते, बोलण्याऐकण्यातून. हिच्याशी घरी कोण बोलतं?"

लक्ष्मम्मा गोंधळली. "वेळ कुठे, मिस? पाच घरची कामं. हिला बरोबर नेते. कुठेच आवाज करत नाही. विचारा ना अक्कांना!"

मला काय विचारायचं? तीन वर्षं रत्ना आमच्या मागच्या दारात गोणपाटावर गप्प बसते, आणि मी म्हणते, "किती शहाणी गं!" त्याच वयात माझा मुलगा प्रश्न विचारून डोकं खायचा आणि आम्ही कौतुकाने उत्तरं द्यायचो.

प्रवेश पुढच्या वर्षावर गेला. परतताना रिक्षात रत्नाने बाहेर काहीतरी पाहिलं, बोट दाखवलं, तोंड उघडलं. लक्ष्मम्माने सवयीने तिच्या ओठांवर हात ठेवला. "श्श! अक्का आहेत."

काय सांगणार होतीस, मी रत्नाला विचारलं. तिने मान खाली घातली.

तुमच्याकडेही असं एखादं शहाणं मूल येतं का?