हसुरामची डावी बाजू

पेशंट टेबलावर जागा होता. उजवी बाजू आटोपली होती आणि डावीकडे मी अशी एक गोष्ट शोधत होते, जी तिथं नव्हतीच. पुढे मी पुष्कळ चुका केल्या, पण त्यांत थोडीफार अक्कल तरी होती. ही चूक निव्वळ मूर्खपणाची.

"डाक्टरीनबाय, काय हरवला काय?" पडद्यापलीकडून हसुरामनं विचारलं.

"काही नाही. पडून राहा."

"नाय, कवाधरनं धुंडताय, म्हनून इचारला."

नव्वद सालच्या आगेमागे मी पनवेलच्या एका छोट्या हॉस्पिटलात सर्जन म्हणून लागले होते. नवीकोरी. कॉलेजात मुलींत पहिली आले होते आणि हे कुणी न विचारता सांगायची मला सवय होती. हसुराम रोडपालीचा. कळंबोलीच्या लोखंड बाजारात माथाडी. दिवसभर सळया उचलायचा. त्याच्या बायकोची, मंजुळाची, दोन्ही बाळंतपणं सिझेरियननं झालेली. दुसऱ्या वेळी ती मरता मरता वाचली. तेव्हाच तिचं मुलं बंद करायचं ऑपरेशन करून टाकायचं होतं, पण तिची अवस्था बघून कुणाची हिंमत झाली नाही. पुन्हा दिवस गेले तर जगेल याची खात्री नाही, असं तिच्या डॉक्टरांनी बजावलं होतं.

"तिच्या पोटाला आता सुरी नको. माझा करा," हसुराम म्हणाला. असं म्हणणारा नवरा मी पहिल्यांदाच बघत होते. नसबंदीनं माणसाची ताकद जाते, मग लोखंड कोण उचलणार, हा त्याच्या आईचा सिद्धांत. म्हणून तो तिला न सांगताच आला होता.

नसबंदी म्हणजे फार मोठं प्रकरण नाही. पुरुषाचं बी जिथं तयार होतं तिथून ते पुढे नेणारी एक बारीक नळी असते, शुक्रवाहिनी. दोन बाजूंना दोन. कातडीवरून बोटांत धरली तर सुतळीसारखी टणक लागते. लहानशी चीर द्यायची, नळी बाहेर ओढायची, मधला तुकडा कापायचा, टोकं बांधायची. फक्त सुरी लावण्याआधी दोन्हीकडची सुतळी नीट चाचपून घ्यायची, हा पहिला धडा.

तो मी कसा गिरवला? कॉलेजात पुरुषांची असली तपासणी मुलग्यांकडे जायची. सगळ्यांना तेच सोयीचं होतं. आता समोर हसुराम आणि मी चांगल्या घरची मुलगी! मी हातमोजे घातले, मान वळवली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत विचारलं, "यंदा भात कसा आहे?" तो म्हणाला, "बरा हाय." मी केसपेपरवर लिहिलं, दोन्ही बाजू नॉर्मल. कॅलेंडर मात्र अगदी कसून तपासलं होतं. संकष्टी गुरुवारी होती.

तर आता डावीकडे मी एकेक पदर सोडवत होते आणि सुतळी काही हाती लागत नव्हती. टोपीतून घाम डोळ्यांत येत होता.

"मॅडम, सरांना बोलवू?" सिस्टरनं हळूच विचारलं.

"काही गरज नाही."

"आवो बोलवा की," पडद्यामागून आवाज आला, "दोगं बगा."

तेवढ्यात एक दोरीसारखं काहीतरी चिमट्यात आलं. जरा मऊ होतं, पण दोरी तर होती. मनात आलं, हीच असेल. बांधून टाक. कुणाला कळणार आहे? मग मंजुळा आठवली. बाहेर बाकावर धाकट्याला मांडीवर घेऊन बसली होती. मी चुकीची दोरी बांधली तर ते हसुरामला कळणार नव्हतं, मला कळणार नव्हतं. तिलाच कळलं असतं, दिवस गेल्यावर.

मी चिमटा सोडला. "बोलवा सरांना."

आमचे मोठे सर चहा अर्धा टाकून आले. हातमोजे चढवले, दोन बोटांत धरून उजवीकडे चाचपलं, डावीकडे चाचपलं, परत डावीकडे. मी ती मऊ दोरी दाखवली.

"तपासलं होतंत?"

"हो सर."

"कुठे बघून?"

सिस्टरला एकदम खोकला आला.

"ती धरली होतीत ती शीर आहे," सर म्हणाले. "या बाजूला नळीच नाही. जन्मतःच नाही. शिवून टाका."

नळीच नाही म्हणजे त्या बाजूनं बी बाहेर यायचा रस्ताच नाही. मी सुटकेचा श्वास सोडणार, तर सर म्हणाले, "खूश होऊ नका. तीन महिने निरोध वापरायचा. मग वीर्य तपासायचं. ते कोरं आलं की झालं. आणि तेव्हा पोटाची एक सोनोग्राफीही करा."

हसुरामनं सगळं ऐकलं होतं. "म्हंजे मी जल्मापासनं आर्धा नसबंदीवालाच?"

"हो."

"मंग दोन पोरा एकट्या उजव्यानं केली?"

"हो."

तो पडद्यामागून म्हणाला, "बैल एक, पन गाडा वढला हो त्यानं."

ते तीन महिने हसुरामचे मजेत गेले, माझे नाही. मंजुळा धाकट्याच्या खोकल्यासाठी आली तरी मी आधी पाळीचं विचारायचे, मग खोकल्याचं. शेवटी तीच म्हणाली, "मॅडम, माजी सासू पन येवढी चौकशी करत नाय."

रिपोर्ट आला. कोरा. एकही बीज नाही. मंजुळाला सांगितलं तेव्हा ती भिंतीला टेकून खाली बसली आणि पदरानं तोंड पुसलं.

सोनोग्राफीत मात्र हसुरामची डावी किडनीही नव्हती. मी त्याला समजावलं. "आजून काय काय नाय, ते येकदाच सांगा," म्हणत तो हसत घरी गेला.

दुसऱ्या दिवशी ओपीडीत त्याची आई. बरोबर चार बायका. मागे मान खाली घातलेला हसुराम. घरी सगळंच फुटलं होतं.

"हीच ती! माझ्या पोराचा किडनी काढलान हिनं! येवढा येळ आत काय धुंडत व्हती, इचारा तिला!"

बाकावरचे सगळे पेशंट माझ्याकडे बघायला लागले. किडनीचोरांच्या बातम्या तेव्हा पेपरात यायच्याच.

"आजी, किडनी पाठीकडे असते. बरगड्यांखाली. तिथं टाका दिसतो का बघा."

म्हातारीनं पोराला गर्रकन फिरवलं, बनियन वर केलं, पाठ दाबून दाबून बघितली. टाका नाही.

"पँट सोड."

"आये, लोकं हायत!"

"सोड सांगते. नागडा मीच काढलाय तुला."

मी घाईघाईनं पडदा ओढला. म्हातारी वाकली आणि डोळे बारीक करून दोन्ही बाजू बघितल्या, हातानं चाचपल्या. तांदळाच्या दाण्याएवढ्या दोन खुणा. बस्स. लाज नाही, घाई नाही. डॉक्टरनं रुग्णाला कसं तपासावं, ते मी त्या दिवशी बघितलं.

मग मी तिला सांगितलं, की आईच्या पोटात एका बाजूची नळी आणि किडनी एकमेकींच्या सोबतीनं घडतात. एक राहिली की पुष्कळदा दुसरीही राहते. एका किडनीवर माणूस म्हातारा होतो, सळयाही उचलतो. फक्त कुठल्याही डॉक्टरकडे गेला की हे सांगायचं.

म्हातारी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघत राहिली. मग म्हणाली, "माज्या पोटात घडताना येक वस्तू ऱ्हायली ती ऱ्हायली, तिथं काय दिवा व्हता? तुज्याकडं तं येवढा मोठा दिवा व्हता, बाय. मंग कापायच्या आदी बगितलास का नाय?"