वरून दिसलेली विहीर

तार आली तेव्हा मी दादालाच पत्र लिहीत होतो. ऑफिसातली दुपारची सुट्टी होती. टेबलावर अर्धा कप चहा आणि पुढ्यात कागद... साहेबांच्या बंगल्यावर रेडिओवर विलायतेचे गाणे कसे ऐकले, याचे वर्णन मी त्यावर रंगवून करीत होतो. साहेबांच्या बंगल्यावर मी कधी गेलेलो नाही. रेडिओ मी एका दुकानाच्या पायरीशी उभा राहून ऐकला होता, तोही दुकानदाराने हटकेपर्यंत. शिपायाने तार पुढे केली, मी सही केली, वाचली. चार शब्द होते. अर्धे पत्र घडी करून मी कोटाच्या खिशात घातले. आज दीड महिना झाला, ते अजून तिथेच आहे. काढून फाडण्याचा धीर होत नाही आणि ठेवूनही चैन पडत नाही.

श्रावणात आमच्याकडच्या बोटी बंद असतात. खाडीतली लाँच तेवढी चालते; भाऊच्या धक्क्यावरून तिने रेवस, तिथून मिळेल त्या गाडीने मुरूड, मग आगरदांड्याला होडी, पलीकडे दिघी आणि पुढे बराचसा चालत श्रीवर्धन. पोहोचायला अडीच दिवस लागले. दादा तोवर माझ्यासाठी थांबणे शक्यच नव्हते. आठ दिवसांच्या तापाने तो गेला. वहिनी पडवीत बसल्या होत्या. मला पाहून एवढेच म्हणाल्या, "भावजी, तापातसुद्धा विचारत होते, विनूचं पत्र आलं का?"

दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. शाळेत तो माझ्यापेक्षा कितीतरी हुशार होता, हे मास्तर मला उघड सांगत. पण वडील गेले त्या वर्षी वाडीचा प्रश्न आला. सुपारीची बाग म्हणजे घरात कायमचे तान्हे मूल असल्यासारखे असते. पावसाळा सोडला तर दर तिसऱ्या दिवशी पोफळींना पाणी हवे. पहाटे बैल जुंपून रहाट सुरू करायचा, पाट फिरवायचे, बुंध्याभोवतीची अळी भरायची. एक पाळी चुकली की शेंड्याला कळते. दोघांपैकी एकाने राहायला हवे होते. दादाने विचार करायलासुद्धा वेळ घेतला नाही. "तू जा," म्हणाला. "पण जे जे बघशील ते मला लिहायचं. काही गाळायचं नाही."

पहिली दोन वर्षे मी खरेच लिहिले. ट्रामच्या माडीवर बसलो, बर्फाचा गोळा खाल्ला, पाव चहात बुडवून खाल्ला, फोटो काढून घेतला. दादा ती पत्रे पडवीत सर्वांना मोठ्याने वाचून दाखवी आणि मग उठून सुपारीच्या खोलीत जाई. त्या खोलीच्या दाराच्या आतल्या बाजूवर त्याने कावेने, म्हणजे तांबड्या मातीच्या रंगाने, एक यादी लिहायला घेतली होती. मी केलेली आणि त्याने न केलेली प्रत्येक गोष्ट त्या दारावर चढे. ती त्याने केली की लाल रेघ मारून खोडली जाई. मी सुट्टीत घरी गेलो की तो मला आधी तिथे नेई, दार आतून लावी आणि फटीतून येणाऱ्या उजेडात बोट फिरवून दाखवी, "हे झालं. हेही झालं. आता पुढचं काय?"

त्याला स्वस्थ बसलेले मी पाहिलेच नाही. जेवतानाही एक पाय हलत असायचा. वर्षाचे आठ महिने रहाटाने बांधलेला हा माणूस पावसाळ्यात रहाट थांबला की पिंजऱ्यात घातल्यासारखा ओटीवर येरझारा घाली. यादीतले काम मात्र तो पूजेला बसावे तसे मन लावून करी. पाव त्याने गावातल्या मुसलमानाच्या भट्टीतून आणला आणि गोठ्यामागे उभे राहून खाल्ला. वहिनींनी त्याला विहिरीवर अंघोळ घालूनच घरात घेतले. "एवढं विटाळून चव तरी कशी होती?" त्यांनी विचारले. "ओल्या कापसासारखी," दादा म्हणाला, "पण चहा चांगला धरून ठेवतो." सायकल तो पोस्टमास्तरांची मागून आणून ओहोटीच्या वेळी, भिजलेल्या घट्ट वाळूवर शिकला. थांबायचे कसे ते न शिकता चालवायचे शिकल्यामुळे पहिले चार दिवस तो थेट समुद्रात जाऊन थांबत असे. बर्फ बोटीच्या कारकुनाला सांगून मुंबईहून भुश्शात बांधून मागवला. धक्क्यावर पुडके सोडले तेव्हा आत सुपारीएवढा खडा उरला होता. दादाने तो तिथेच तोंडात टाकला, डोळे मिटले आणि म्हणाला, "दात दुखले. झालं एकदाचं!"

हे मी हसत लिहितो आहे, पण मला पुढचे सांगायचे आहे.

दोन वर्षांत माझ्याजवळचे नवे संपले. मी एका ऑफिसात कागदपत्रांच्या नकला करणारा कारकून. गिरगावातली खोली, ऑफिसचे टेबल आणि पुन्हा खोली. रोज त्याच रस्त्याने जायचे, त्याच खानावळीत जेवायचे. आणि तिकडे दादा बैलामागे फिरत माझ्या पत्राची वाट पाहतो आहे. माझ्याऐवजी तो आला असता तर त्याने हे शहर पिंजून काढले असते, हे मला माहीत होते. त्याने सोडलेली जागा मी नुसती अडवून बसलो होतो. हे त्याला कसे लिहू? मग मी दुसऱ्यांनी केलेल्या गोष्टी माझ्या म्हणून लिहू लागलो. आधी लहानसहान. कोणी टेलिफोनवर बोलला, तो मी. कोणी सर्कशीतल्या हत्तीवर बसला, तोही मी. दादा त्या दारावर लिहीत गेला.

मग विमान आले. मुंबईत त्या दिवसांत हौशी लोकांना विमानात बसवून फेरी मारून आणीत. आमच्या ऑफिसातला एकजण बसून आला आणि आठवडाभर दुसरे काही बोलला नाही. मी एका रविवारी विमाने उडत ते मैदान पाहायला गेलो. कुंपणाबाहेर उन्हात दोन तास उभा राहिलो आणि परत आलो. त्या रात्री दादाला चार पाने लिहिली. नुसते विमानात बसून माझे समाधान झाले नाही. मी ते विमान आमच्या किनाऱ्यावरून नेले. लिहिले, "दादा, वरून आपली वाडी ओळखली. मधोमध विहीर आरशासारखी चमकत होती आणि रहाटाचा बैल मुंगीएवढा दिसत होता."

उलट टपाली उत्तर आले. "तुझे पत्र सर्वांना तीनदा वाचून दाखवले. वहिनी विचारते, अंगणात तिच्या पापडांचे वाळवण दिसले का? मी माघात येतो. मला ते विमान दाखव. मला आपली विहीर वरून बघायची आहे."

आणि तो खरोखर आला. पंधरा वर्षांत पहिल्यांदा रहाट दुसऱ्याच्या हाती देऊन आला, ठेवणीतली पगडी घालून, हातात सुपारीचे गाठोडे. विमानाच्या माणसाला द्यायला म्हणून त्याने निवडून निवडून रोठा सुपारी आणली होती! मैदानावर नेले असते तर तिथे मला कोणी ओळखले नसते. मी म्हणालो, "दादा, विमान बिघडलंय. दुरुस्तीला दिलंय. महिनाभर तरी लागेल."

तो म्हणाला, "असू दे. यंत्रच ते."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही चौपाटीवर बसलो होतो. दादा एका जागी किती वेळ बसणार? तो उठून पाण्याच्या दिशेने चार पावले गेला होता, तेवढ्यात वर घरघर ऐकू आली. लोक माना वर करून पाहू लागले. विमान आमच्या डोक्यावरून गेले, इतके खालून की त्याची चाके दिसली. दादाने ते दिसेनासे होईपर्यंत पाहिले. मग वळून माझ्याकडे पाहिले. मी वाळूत बोटाने रेघा ओढीत होतो.

"दुरुस्त झालं वाटतं," तो म्हणाला.

मला तेव्हा बोलता आले असते. तिथे आम्हा दोघांखेरीज ओळखीचे कोणी नव्हते. तो रागावला नसता, कदाचित हसला असता. पण मी म्हणालो, "हे दुसरं असेल." दादाने मान हलवली. "उद्याच्या बोटीने जातो रे. शिंपणं खोळंबलं असेल." सुपारीचे गाठोडे त्याने माझ्याच खोलीत ठेवले.

त्यानंतर सात-आठ वर्षे गेली. विमानाचा विषय त्याने कधी काढला नाही, मीही काढला नाही. पत्रे मात्र चालू राहिली आणि त्यांत खोटे लिहिणेही चालू राहिले. एकदा सुरू झालेले थांबवायचे कसे, ते मला कळले नाही.

दिवसकार्य आटोपल्यावर मला घरात बसवेना. मी वाडीत गेलो. रहाट थांबलेला, पाटांत शेवाळे. विहिरीवर वाकून पाहिले. भर दुपार होती, तरी पाणी काळे होते. आमच्या विहिरीचे पाणी चैत्रातही हाताला झोंबेल इतके गार असते. लहानपणी आम्ही दोघे तिथेच आंबे बुडवून ठेवीत असू.

गंगाराम तिथे झावळ्या गोळा करीत होता. आमच्या सुपाऱ्या उतरवणारा हा गडी. पायात दोरीचा फास घालून पोफळीवर चढतो आणि वरच्यावर झोका घेऊन एकीवरून दुसरी धरतो, उन्हे कलेपर्यंत जमिनीवर उतरत नाही. दादाच्याच वयाचा. तो माझ्याजवळ येऊन उकिडवा बसला.

"दादांनी तुमास्नी सांगलं का, ते वर चढले व्हते?"

"कुठं वर?"

"पोफळीवर. म्हमयवरनं आले त्याच म्हैन्यात. मला बोलले, गंग्या, मला शेंड्याला न्ये. मी बोललो, दादानू, हे तुमचं काम न्हाय, पडाल तं वैनी मला जित्ता न्हाय ठेवायच्या. आयकतात का? पंधरा दिस रोज थोडं थोडं चढले. गुडघं सोलून घ्येतले. मंग येक दिस पार शेंड्याला. मी बाजूच्या पोफळीवर. खाली ही माणसं जमलेली, वैनी रडतात, आन दादा वर बसलेत. उतरायचं नावच न्हाय!"

"मग?"

"उतरल्यावर समद्यांनी इचारलं, दादा, हिर दिसली का? दादा बोलले, दिसली की. विनूनं लिवलंय तश्शी. आरशावानी."

हातातल्या झावळीची पाती गंगारामने एकेक करून सोलली.

"भाऊ, माझा जलम वर गेला. वरनं निस्ते शेंडे दिसतात. हिरवी गोधडी पांघरल्यागत. खालची हिर न्हाय दिसत, रहाट न्हाय दिसत, काय न्हाय. म्या कोनाला बोललो न्हाय. दादा बी मला काय बोलले न्हाय."

मी विहिरीकडे पाहिले, मग वर पाहिले. पोफळींच्या शेंड्यांनी आभाळ जवळजवळ झाकले होते. त्या पाण्यावर कधी ऊन पडत नाही. म्हणून ते गार, म्हणून ते काळे. त्या वाडीत मी जन्मलो, सोळा वर्षे वाढलो, आणि तीच विहीर मी आभाळातून चमकताना पाहिल्याचे लिहिले... विमानात बसल्याचे खोटे एखादे वेळी खपलेही असते. आमच्या वाडीबद्दलचे खोटे दादापाशी खपणार नव्हते. वर जाऊन बघण्याआधीच त्याला ते माहीत असले पाहिजे. मग तो गुडघे सोलून वर कशाला गेला? कदाचित मी म्हणतो तशी एखादी फट असेलच, म्हणून. आपल्या भावावर विश्वास ठेवायला जागा शोधायला तो गेला, असे मला वाटते.

मी तसाच सुपारीच्या खोलीत गेलो आणि दार आतून लावून घेतले. यादी आता दाराच्या खालच्या कडेपर्यंत आली होती. शेवटच्या ओळी त्याने जमिनीवर बसून लिहिल्या असाव्यात. विमानाची ओळ सापडली. 'विमानातून वाडी बघणे.' खोडलेली. शेजारी बारीक अक्षरांत, 'पोफळीवरून. विहीर दिसत नाही.'

एवढेच. आणि तिच्याखाली नंतरच्या सात-आठ वर्षांतल्या माझ्या पत्रांतली प्रत्येक गोष्ट उतरवलेली. खरी आणि खोटी, एकही न गाळता. कितीतरी खोडलेल्या. मी न केलेल्या गोष्टी तो करीत राहिला होता. अगदी शेवटची ओळ मात्र माझ्या कुठल्याच पत्रातली नव्हती. 'विनूला वर चढवणे.' ती खोडलेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गंगारामला फास मागितला. त्याने मला आपादमस्तक पाहिले, धोतराचा काचा नीट मारायला लावला आणि सर्वांत जुन्या, जाड पोफळीपाशी नेले. खोड ओले होते. मी दोन पुरुष उंच चढलो. पोफळ डोलली आणि सोलपटून घेत मी खाली आलो. शेंडा तेवढाच दूर होता. वहिनी मागल्या दारात उभ्या होत्या. त्या प्रथमच थोडे हसल्या. "तुम्ही दोघे भाऊ भाऊच," म्हणाल्या. त्यांनाही मी तेव्हा खरे सांगितले नाही. हे छापून येईल तेव्हा कोणी तरी त्यांना वाचून दाखवील. वहिनी, तुमचे पापड मला दिसले नव्हते.

गंगाराम फास गुंडाळीत म्हणाला, "दादा बी पैल्या दिशी इतकंच चढले व्हते."

परवा वहिनींचे पत्र आले. दिवाळीपूर्वी घराला रंग द्यायचा आहे, सुपारीच्या खोलीच्या दारालाही तेल-काव द्यायची का, असे त्यांनी विचारले आहे. मी उत्तर लिहिले. बऱ्याच वर्षांनी पत्रात एकही शब्द वाढवून लिहिला नाही. दाराला बाहेरून काय हवे ते द्या, आतल्या बाजूला हात लावू नका. बोटी सुरू झाल्या आहेत. सुपारी उतरवायच्या वेळी महिनाभर रजा काढून येतो. गंगारामला सांगून ठेवा.