पौर्णिमेच्या दिवशी कंदमाशी

माझा थोरला भाऊ हळदीच्या रोगांचा शास्त्रज्ञ आहे आणि मी, त्याची सख्खी बहीण, हळद पिकवते. लोकांना वाटतं, काय नशीब! नशीब कसलं? साऱ्या वसमत तालुक्याला तो फोनवर सल्ले देतो आणि मी विचारलं की म्हणतो, "आल्यावर बघू." आल्यावर बघतो ते स्वतःचे छंद. नोकरी शहरात, पण छंद सगळे कुरुंद्याजवळच्या माझ्या घरात. गच्चीवर दुर्बीण, परसात मधमाश्यांच्या पेट्या, पलंगाखाली पोट उघडून पडलेले रेडिओ, कोपऱ्यात हार्मोनियम. एकदा कोळ्याचे फोटो काढायचे म्हणून त्यानं मला स्वयंपाकघरातलं जाळंच काढू दिलं नाही. पाहुण्यांनी माझ्याबद्दल काय समजायचं?

हेही मी चालवून घेतलं. पण त्या भाद्रपदातल्या पौर्णिमेला माझं डोकं फिरलं.

सकाळी शेतात गेले तर खालच्या कोपऱ्यातली हळद पिवळी पडलेली. एक झाड ओढलं, ते अलगद हातात आलं. कंद मऊ, घाण वास, आत पांढऱ्या अळ्या. कंदमाशी! अख्खं शेत जायच्या आत औषध पाहिजे होतं. झाड तसंच घेऊन घर गाठलं. दादा नुकताच विहारातून आला होता, अंगात पांढरे कपडे. मी ते झाड मातीसकट त्याच्यापुढं टेबलावर आपटलं.

त्यानं भिंग काढलं. "अळ्या हायत."

"त्या मला भिंगाबिगर दिसून राहिल्या. औषध सांग."

"आज न्हाई सांगत."

"काहून?"

"आज उपोसथ हाय ना."

पौर्णिमेला दादा आठ शीलं पाळतो. जीवहत्या नाही, गाणंबजावणं नाही, दुपारी बारानंतर जेवण नाही. मीही बौद्धच, पण मी वंदनेला मागच्या रांगेत बसते आणि डोळे मिटले की मला तणच दिसतं.

"दादा, वर्षभर किडे मारायचे उपाय सांगायचा पगार घेतोस, अन् बहिणीच्या वावरात माशी आली की तुला शील आठवतं?"

"रोज काय करतो ते मला म्हाईत हाय. म्हणून तर एक दिवस पाळतो."

"मग तुझी माशीपण आज उपाशी ऱ्हाणार का?"

तो हसला. मला आणखी चीड आली. दुकानात जाते म्हणून मी पिशवी उचलली, तर हा पांढरी विजार गुडघ्यापर्यंत दुमडून फावडं घेऊन माझ्या आधी शेताच्या वाटेला!

खालच्या कोपऱ्यात त्यानं बरीच झाडं उकरली. एक कंद चिरून माझ्यापुढं धरला. "हा सडला हाय. अळी हाय का याच्यात?"

नव्हती.

"आधी पाणी साचून कंद सडला, माशी मागून आली. तिला मारून हा कोपरा वाचत न्हाई. चर खांद, पाणी काढ."

कारण पटण्यासारखं होतं, म्हणूनच मी जास्त भडकले. "हे शास्त्रज्ञ सांगून राहिला का उपासक? तुला मारायचं न्हाई म्हणून माशी निर्दोष?"

मला वाटलं आता चिडेल. पण त्यानं फावडं मातीत रोवलं. मग म्हणाला, "बराबर बोललीस. मला जे पाहिजे तेच सापडलं, म्हणून माझाच माझ्यावर भरोसा बसंना."

त्यानं खिशातून फोन काढला, आपल्या खात्यातल्या एका सहकाऱ्याला लावला आणि माझ्या हातात दिला. "त्याचा देवाधर्माशी काही संबंध न्हाई. काय दिसलं तेवढंच सांग. मी काय म्हणलो ते सांगू नको." आणि ऐकू येऊ नये म्हणून पार पलीकडच्या बांधावर जाऊन पाठमोरा उभा राहिला.

सहकाऱ्यानं पाणी, वास, अळ्या, सगळं विचारून घेतलं. शेवटी म्हणाला, "ताई, माशीच्या मागं काय लागता? आधी चर काढा."

एवढा राग जमवलेला आणि तो टाकायला जागाच उरली नाही. मी कुदळ घेऊन जमिनीवरच तुटून पडले. दादा शेजारी फावड्यानं माती ओढत होता. चरातून गढूळ पाणी ओढ्याकडं वाहायला लागलं तेव्हा ऊन डोक्यावरून कलंडलं होतं.

"चल, जेवून घे," मी म्हटलं.

"बारा कवाच वाजून गेले."

त्या दिवसाचं त्याचं एकमेव जेवण! मीच त्याच्या ताटाच्या वेळेला चिखलाचं झाड आणून आपटलं होतं. पण मला काय ठाऊक? हा बोलला का?

"तोंड न्हाई का तुला? सांगायचं ना!"

"तू ऐकून राहिली होती का?"

"पाणी तरी चालतं का तुझ्या शीलात?"

"चालतं."

"मग पी!" म्हणून मी बाटली अशी काही फेकली की ती थेट नव्या चरात पडली. आणि तो शास्त्रज्ञ, हळदीच्या रोगांचा, पांढऱ्या कपड्यांतला, तिच्यामागं ओढ्याच्या दिशेनं पळत सुटला.